फिरती लेखणी

आमचे मेहुणे परवां आमच्याकडे आले ते एका तक्रारीचें गांठोडें घेऊन. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस एकदां बसला. गुण पडले, पण प्रवेशास पुरले नाहींत. आणि आतां वर्षभर घरीं बसून तो पुन्हा त्याच परीक्षेची तयारी करीत आहे. तक्रार अभ्यासाविषयीं नव्हती. "पुस्तक उघडें असतें, मुलगा खुर्चीवर असतो, पण हातांतलें पेन एक क्षण स्थिर नाहीं. सारखें आपलें बोटांवर गरगर. तुम्ही त्याचे मामा, तुमचें ऐकेल. चार शब्द सांगा." पहिल्या खेपेस मुलाचे जे गुण गेले ते ह्याच गरगरण्यांत गेले, असा मेहुण्यांचा पक्का समज झालेला आम्हांस दिसला.

आम्ही सांगावयास गेलों, आणि पाहत उभे राहिलों. मुलगा रसायनशास्त्राच्या पुस्तकांत मान घालून बसला होता. उजव्या हातांतलें पेन मधल्या बोटाच्या हलक्याशा ढकलीनें आंगठ्याभोंवतीं एक पुरी फेरी घेई व पुन्हा आंगठा-तर्जनीच्या चिमटींत येऊन बसे. क्षणभरानें तेंच पेन करंगळीच्या बाजूनें निघून एकेका बोटावर उलटें पडत तर्जनीपर्यंत चढे, आणि त्याच वाटेनें उतरे. त्याचें स्वतःचें लक्ष हाताकडे मुळींच नव्हतें. पान उलटावयाची वेळ आली म्हणजे हात थांबे, पान उलटे, आणि फेरी पुन्हा सुरू होई. रिकाम्या न्हाव्यानें भिंतीला तुंबड्या लावाव्या तसला कांहीं उद्योग असेल अशा समजुतीनें आम्ही गेलों होतों. परंतु जें दिसलें तें तसलें नव्हतें. विचारतां त्यानें सांगितलें कीं, ह्या खेळाला नांव आहे, त्यांतल्या प्रत्येक फेरीला नांव आहे, फेऱ्या लिहून ठेवण्याची एक लिपि आहे, आणि देशोदेशींचे खेळाडू त्यांत एकमेकांशीं सामने खेळतात. उपदेशाचे चार शब्द आमच्या तोंडांतच राहिले. आम्हांस इतिहासाची खोड जुनीच. तेव्हां लिहिण्याकरितां हातांत घेतलेली लेखणी फिरूं कशी लागली, आणि ती फिरविणारा वर्ग कोणता, ह्या प्रश्नानें आम्हांस पुढें कित्येक दिवस धरून ठेवलें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभीं एक साधी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. मनुष्य लिहूं लागला त्यास पांच हजार वर्षें झालीं, आणि त्यांतील बहुतेक सर्व काळ लेखणी फिरविणें शक्यच नव्हतें. इजिप्तांतील लव्हाळ्याची लेखणी, आमच्याकडचा बोरू, यूरोपांतील हंसाचें पीस, चीन-जपानांतील कुंचला, ह्या सर्वांत शाई असे ती उघड्या टोंकावर. वस्तु वर्तुळांत फिरली कीं तिच्या टोंकावर जें सुटें असेल तें बाहेर फेंकलें जातें. गोफणींतला दगड त्याच नियमानें जातो. भिजलेला बोरू बोटांवर एकदां फिरविला तर कागद, सदरा आणि शेजारचा मुलगा ह्या तिघांवरहि एकाच वेळीं नक्षी उठावयाची.

आमच्या पिढीनें प्राथमिक शाळेंत कित्ता गिरविला तो बोरूनें. बोरू चाकूनें तासणें, त्याची जीभ तिरकी कापणें, तिला मध्यें चीर देणें, ही कला गुरुजींना येई आणि आम्हांला येत नसे. दौतींत बुडविलेला बोरू काठावर निपटून मगच कागदाकडे न्यावयाचा, हा शिस्तीचा पहिला धडा. त्याहून मागें मोडी दप्तरांतला कारकून घ्या. आधीं कागदावर आडवी रेघ ओढावी, मग तिच्या खालीं हात फारसा न उचलतां अक्षरास अक्षर जोडीत जावें, आणि ओळी ओल्या असतां वर वाळू टाकावी, अशी त्याची पद्धति. त्याच्या कलमाला विश्रांति मिळे ती कानावर. लेखणी कानावर ठेवण्याची ही चाल कारकुनांनीं टाकली तरी सुतारांनीं अजून चालविली आहे. रिकाम्या वेळीं लेखणीचें काय करावें ह्या प्रश्नाला जुन्या काळानें दिलेलें उत्तर हें असें होतें, कीं ती बोटांपासून दूर ठेवावी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं पोलादी निबा यंत्रावर निघूं लागल्या. त्या आमच्याकडे टाकाच्या रूपानें आल्या. पण टाकहि दौतीचा मिंधाच. १८८४ सालीं न्यूयॉर्कच्या ल्युइस वॉटरमन ह्यानें आपल्या झरणीचें पेटंट घेतलें, आणि शाई लेखणीच्या पोटांत भरंवशानें राहूं लागली. दौत सुटली खरी. तरी झरणी फिरविण्याजोगी झाली नाहीं. तिच्या पोटांतली शाई पातळ, हिसका बसला कीं निबेवाटे ठिबकावयाची. शिवाय ती महाग. जमिनीवर निबेच्या टोंकावर पडली कीं तिचा जन्म संपला. वडिलांच्या कोटाच्या खिशाची शोभा म्हणून मिरविणारी ती वस्तु मुलांच्या हातीं फारशी लागतच नसे. मग तिला बोटांवर नाचविण्याची गोष्ट कशाला?

ह्या सर्व शाईवाल्या मंडळींत एकटी कोरडी होती ती शिसपेन्सिल. तिच्यांत शिसें नसतें. सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तरेस बॉरोडेल येथें एका काळ्या मऊ खनिजाची खाण सांपडली. लोकांनीं त्याला शिशाचाच एक प्रकार मानलें, आणि चुकीचें नांव चिकटलें तें चिकटलेंच. पुढें फ्रान्सची इंग्लंडशीं लढाई जुंपली, इंग्रजी ग्राफाइट मिळेनासें झालें, तेव्हां निकोला-झाक काँते ह्यानें ग्राफाइटची पूड मातींत मळून व भाजून तिच्या कांड्या केल्या. १७९५ सालच्या त्याच्या पेटंटावर आजची पेन्सिल उभी आहे. सडपातळ, कोरडी, स्वस्त, दोन्हीं टोंकांस जवळजवळ सारख्या वजनाची, आणि पडली तर फार तर टोंक मोडणारी! फिरविण्याच्या खेळाला जी सामग्री हवी ती अशा रीतीनें एकोणिसाव्या शतकांतच जगभर पसरली होती. परंतु नुसत्या सामग्रीनें खेळ उभा राहत नाहीं. त्याला रिकामा हात लागतो, आणि तोहि विशिष्ट तऱ्हेनें रिकामा. असा हात ज्या देशांत विपुल झाला आणि ज्या देशानें त्या खेळाला नांव दिलें, तो देश जपान.

जपानी भाषेंत 'मावाशी' म्हणजे फिरविणें. पेन फिरविण्याला तेथें पेन-मावाशी म्हणतात. पण त्याचें दुसरें एक नांव आहे, तें रोनिन-मावाशी. हा रोनिन कोण? ज्या दोन चित्राक्षरांनीं हा शब्द लिहितात त्यांचा अर्थ लाट आणि मनुष्य. लाटांवर वाहत जाणारा मनुष्य तो रोनिन. तोकुगावा राजवटींत सामुराई म्हटला कीं त्याला धनी हवा. धन्याची जहागीर जप्त झाली कीं त्याचे शिपाई एका दिवसांत रोनिन होत: कमरेला तरवार, हातांत विद्या, आणि काम कांहीं नाहीं. १७०१ सालीं आको येथील जहागिरदार असानो ह्यानें एदोच्या राजवाड्यांत किरा नांवाच्या अधिकाऱ्यावर शस्त्र उपसलें. त्याबद्दल त्याच दिवशीं पोट फाडून घेण्याची आज्ञा त्यास झाली, आणि त्याचे लोक रोनिन झाले. त्यांपैकीं सत्तेचाळीस जणांनीं जवळजवळ दोन वर्षें वाट पाहिली आणि १७०३ च्या आरंभीं धन्याचा सूड घेतला. ही कथा जपानांत लहान मुलालाहि ठाऊक असते. लोक तीतला सूड लक्षांत ठेवतात. आम्हांस मात्र तीतलीं मधलीं दोन वर्षें अधिक विचार करावयास लावतात. हातांत कौशल्य आहे, मनांत निश्चय आहे, आणि दिवस मात्र एकामागून एक नुसते घालवावयाचे आहेत!

१८७६ सालीं मेइजी सरकारनें सामुराईंस तरवार लावून बाहेर पडण्याची मनाई केली. तरवारीची जागा शाळेनें घेतली. १८८६ सालीं तोक्योस शाही विद्यापीठ उभें राहिलें. त्याच्या वाटेवर उच्च शाळा, आणि उच्च शाळेच्या दारांत परीक्षा. सरकारी हुद्दा काय, समाजांतला मान काय, चांगलें स्थळ काय, सर्वांचा रस्ता त्या एका दारांतून जाऊं लागला. दार अरुंद, उमेदवार उदंड. जो आंत शिरला नाहीं त्यानें पुढच्या वर्षीं पुन्हा धडक द्यावयाची, आणि तोंवर तो कोणत्याच शाळेचा नव्हे. धनी गमावलेल्या शिपायाचें नांव लोकांनीं त्या मुलाला दिलें. ही थट्टा खरी. पण तीत थोडा आदरहि आहे असें आम्हांस वाटतें. आपल्याकडे असल्या मुलानें 'गटांगळी खाल्ली' असें म्हणतात. पाणी दोन्हीं शब्दांत आहे. जपानी शब्दांतला मुलगा निदान तरंगतो.

१९३० सालीं यासुजिरो ओझू ह्या दिग्दर्शकानें ह्या विद्यार्थिजीवनावर एक मूकपट काढला. 'नापास झालों खरा, पण' अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. त्यांतला एक विद्यार्थी परीक्षेकरितां आपल्या सदऱ्यावर उत्तरें लिहून ठेवतो, आणि नेमका तो सदरा धोब्याकडे जातो. तो नापास होतो, मित्र पास होतात. पण दिवस मंदीचे; पास झालेल्यांस नोकरी मिळत नाहीं, आणि नापास झालेला पुन्हा आपल्या शाळेंत मजेंत असतो. हंसावें कीं कपाळाला हात लावावा हें कळूं नये, असा तो चित्रपट आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतलें मर्म एवढेंच, कीं थांबून राहिलेला तरुण हा त्या समाजांत अपवाद राहिला नव्हता. तो एक वर्ग झाला होता, आणि त्याच्यावर चित्रपट निघण्याइतका ओळखीचा झाला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठें वाढलीं आणि उमेदवार त्याहून वाढले. परीक्षेला तेथें 'जुकेन जिगोकू', म्हणजे परीक्षेचा नरक, म्हणतात. चार तास झोंपेल तो पास, पांच तास झोंपेल तो नापास, अशा अर्थाची चार चित्राक्षरांची एक म्हणच त्या नरकांतून निघाली. रोनिनांकरितां 'योबिको' नांवाच्या खास शाळा निघाल्या. १९७९ पासून सरकारी विद्यापीठांसाठीं सर्व देशांत एकच पहिली परीक्षा होऊं लागली. तींत उत्तर लिहावयाचें नाहीं, छापील खुणांपैकीं एक पेन्सिलीनें काळी करावयाची. म्हणजे परीक्षार्थ्याच्या हातांत लेखणी दिवसभर आहे, पण तिच्याकडून लिहून घेण्यासारखें फार थोडें आहे! अशा मनुष्याची स्थिति पाहा. पाय खुर्चीला बांधलेले, तोंड बंद, डोळे पुस्तकांत, घड्याळ समोर. शरीरांत मोकळीं काय तीं दहा बोटें. ह्या बांकांवर रोनिन-मावाशी रुजली ह्याचें आम्हांस आतां नवल वाटत नाहीं.

त्या बोटांत पुष्कळदां असे ती कळ दाबून कांडी पुढें सरकविण्याची पेन्सिल. तिची हकीकत थोडी आडवाटेची आहे, पण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तोक्योंतील हायाकावा तोकुजी नांवाच्या धातुकारागिरानें १९१५ सालीं असली एक पेन्सिल बनविली आणि पुढें तिला 'शार्प' हें इंग्रजी नांव जोडलें. धंदा चांगला चालला असतां १९२३ चा भूकंप झाला. कारखाना जळाला, बायको व मुलें गेलीं. पेन्सिलीचे हक्कहि देणें फेडण्यांत हातचे गेले. हा मनुष्य ओसाकास गेला आणि १९२५ सालीं रेडिओ बनवूं लागला. आज त्या कारखान्याला जग 'शार्प' ह्याच नांवानें ओळखतें. आणि पेन्सिल जरी त्याच्या हातून सुटली, तरी जपानी मूल तसल्या पेन्सिलीला अजून 'शापेन' म्हणतें.

पेन्सिलीच्या जोडीला दुसरी वस्तु आली ती बॉलपेन, आणि खेळ खरा पसरला तो तिच्यामुळें. लास्लो बिरो हा हंगेरियन पत्रकार. वर्तमानपत्राची शाई चटकन वाळते आणि झरणीची वाळत नाहीं, हें पाहून दाट शाई वापरणारी लेखणी काढावी असें त्याच्या मनांत आलें. रसायनें जाणणाऱ्या भावाच्या मदतीनें त्यानें टोंकाशीं बारीक गोळी बसविलेलें पेन सिद्ध केलें व १९३८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. युद्धाच्या धामधुमींत तो आर्जेंटिनास गेला, १९४३ सालीं तेथें नवें पेटंट घेतलें. २९ ऑक्टोबर १९४५ रोजीं न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत अमेरिकन बनावटीचें बॉलपेन साडेबारा डॉलरांस विकावयास निघालें तेव्हां लोकांची झुंबड उडाली. तेंहि महागच होतें; पण १९५० च्या अखेरीस फ्रान्समध्यें मार्सेल बिश ह्यानें पारदर्शक षट्कोनी नळीचें स्वस्त पेन काढलें, आणि लेखणीची प्रतिष्ठा एकदांची संपली.

प्रतिष्ठा संपली हें आम्ही दुःखानें म्हणत नाहीं. ह्या खेळाच्या इतिहासांत तीच मोठी घटना आहे. शाई दाट झाल्यामुळें ती फेंकली जाईना. टोंकाशीं निबेऐवजीं गोळी आल्यामुळें पडण्याचें भय गेलें. आणि किंमत उतरल्यामुळें बापानें रागें भरण्याचें कारण उरलें नाहीं. जो खेळ शिकतांना वस्तु हजार वेळां जमिनीवर पडावयाची, त्याला पडूं दिली तरी चालेल अशी वस्तु आधीं निर्माण व्हावी लागते. व्हायोलिन फिरविण्याचा छंद कोणी काढला नाहीं.

जपानाप्रमाणेंच कोरिया, तैवान व चीन ह्या देशांत ह्या छंदाला बहर आला, आणि हे सर्व परीक्षेचेच देश. अधिकारी निवडण्याची चिनी साम्राज्याची परीक्षा १९०५ सालीं बंद झाली, पण तिचा धाक उत्तराधिकारानें खालीं उतरला. दक्षिण कोरियांत १९९३ पासून चालू असलेल्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशीं इंग्रजी ऐकण्याची प्रश्नपत्रिका चालू असतां विमानांचें उड्डाण व उतरणें थांबवितात. जेथें आकाशहि श्वास रोखून धरतें, तेथें बोटांना कांहीं वाट नको काय?

विसाव्या शतकाच्या शेवटीं हा छंद इंटरनेटवर चढला आणि मग त्याचें शास्त्र झालें. मधल्या बोटानें ढकलून आंगठ्याभोंवतीं फिरवावयाची ती फेरी 'थम्बअराउंड'. बहुतेक सर्वांची ती पहिली इयत्ता. एकेका बोटावरून पेन उलटें पाडीत न्यावयाचें तें 'फिंगरपास'. बोटांची एक फट सोडून झर्रकन दुसऱ्या फटींत जावयाचें तें 'सॉनिक'. फट न सोडतां जागच्या जागीं शंकूच्या आकारांत फिरवीत राहावयाचें तें 'चार्ज'. लिहून ठेवण्याची रीत आम्हांस विशेष आवडली. आंगठ्याला एक अक्षर, तर्जनीपासून करंगळीपर्यंत अनुक्रमें १ ते ४ हे आंकडे. '२३' म्हणजे मधलें बोट व अनामिका ह्यांमधली फट. 'सॉनिक २३–१२' असें लिहिलें कीं फ्रान्समधल्या मुलाचा हात कोरियांतल्या मुलाला वाचतां येतो. सामने होतात ते चित्रफितींवर: ज्यानें त्यानें आपल्या हाताचें चित्रण धाडावयाचें, परीक्षकांनीं गुण द्यावयाचे. बहुतेक चित्रफितींत चेहरा दिसत नाहीं, हात तेवढा दिसतो. परीक्षेच्या बांकावर सुरू झालेल्या खेळाला शेवटीं पुन्हा परीक्षक आणि गुण लागावे, ह्यांतला विनोद खेळाडूंच्या ध्यानांत आला असेल अशी आशा करूं या.

मग पेनहि बदललें. एका पेनाची नळी, दुसऱ्याचीं टोपणें, तिसऱ्याचें रबर असें जुळवून खेळाडू आपापलें पेन बांधूं लागले: लांबी साधारण वीस सेंटिमीटर, दोन्हीं टोंकांस टोपणें, आणि वजन मध्याऐवजीं टोंकांकडे. ह्याचें कारण सरळ आहे. वजन मध्यापासून जितकें दूर तितकी फेरी संथ व टिकाऊ. अंतर दुप्पट केलें तर परिणाम चौपट. हें आम्हांस वाचून कळलें, पण पटलें तें आखाड्यांतली बनेटी आठवून. आपल्या मर्दानी खेळांतली ती काठी दोन्हीं टोंकांस गोळे किंवा पेटते पलिते बांधून फिरवितात. ज्यानें ती प्रथम बांधली त्यानें जडत्वाचा हिशेब मांडला नव्हता, पण त्याच्या मनगटाला तो ठाऊक होता. बनेटी बोटांत मावेल एवढी लहान केली कीं हें पेन झालें.

परंतु असल्या पुष्कळ पेनांतून शाईची कांडीच काढून टाकलेली असते. तीं लिहीत नाहींत! हें प्रथम कळलें तेव्हां आम्हांस, जन्मभर लेखणीवर पोट भरलेल्या मनुष्याला, चमत्कारिक वाटलें. लेखणीची लेखणीपणांतूनच सुटका करावी, आणि तरी तिला पेन म्हणत राहावें, हा काय न्याय? पुढें विचार करतां राग उतरला. केंडोच्या आखाड्यांतली बांबूची तरवार कापीत नाहीं म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नाहीं. मात्र ज्या मुलाला पेन फिरवावयाचें आणि लिहावयाचेंहि आहे त्यानें साध्या पेनावरच शिकावें, असें आमचें मत कायम आहे. आणि भाच्याचेंहि तेंच आहे.

मत देण्याचा अधिकार यावा म्हणून आम्ही स्वतः शिकावयास बसलों. वाचकांनीं हंसूं नये. पेन पडून आवाज होऊं नये म्हणून गादीवर बसावें, ही युक्ति भाच्याची. पहिल्या दिवशीं पेन कपाटाखालीं गेलें, दुसऱ्या दिवशीं चहांत. "मामा, तुम्ही जोर लावतां," भाचा म्हणाला, "जोर लावायचा नाहीं, बोट नुसतें मिटायचें. आणि तर्जनी वाटेंतून काढा, ती मधें येते." तर्जनी वाटेंतून निघेना. साठ वर्षें जिला लेखणी धरावयास शिकविलें, तिला आतां लेखणी सोडावयास सांगितलें तर ती ऐकणार कशी? आम्ही पेनाला दोष दिला; मनांत म्हण आलीच, नाचतां येईना अंगण वांकडें. पण येथें अंगण खरोखरच वांकडें निघालें. आमचें पेन आंखूड, आणि त्याची धातूची खिळण एका बाजूस जड. भाच्यानें लांब सडपातळ पेन दिलें आणि सतराव्या दिवशीं संध्याकाळीं एक फेरी पुरी झाली. ती पुन्हा तशी व्हावयास आणखी चार दिवस गेले.

ह्या अवधींत एक गोष्ट अनुभवास आली ती मेहुण्यांच्या तक्रारीला थेट भिडते. शिकत असतां आम्हांस दुसरें कांहींच करतां येत नसे. शेजारीं कोणी बोललेलें ऐकूं येत नसे. जमूं लागल्यावर मात्र हात आपला आपण चालूं लागला, आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतां वाचतां फेरी होत राहिली. म्हणजे शिकण्याच्या काळांत हा छंद अभ्यासाचा उघड शत्रु आहे. शिकून झाल्यावर तो निरुपद्रवी होतो. तो उपकारक होतो काय? २००९ सालीं जॅकी अँड्रेड ह्या इंग्लंडांतील मानसशास्त्रज्ञ बाईंनीं चाळीस जणांस एक कंटाळवाणा दूरध्वनि-संदेश ऐकविला. त्यांतील निम्म्यांस ऐकतां ऐकतां कागदावरच्या आकृति रंगवीत बसावयास सांगितलें, आणि ह्या चाळा करणाऱ्यांस मागाहून २९ टक्के अधिक आठवलें. हा आंकडा घेऊन मेहुण्यांकडे जाण्याचा मोह आम्हांस झाला. पण कंटाळवाणा निरोप वेगळा, रसायनशास्त्र वेगळें, आणि आकृति रंगविणें व पेन फिरविणें हींहि एक नव्हेत. वकिलाला शोभेल असा तो पुरावा आहे, मामाला शोभणारा नव्हे. म्हणून तो आम्ही खिशांतच ठेवला.

त्याऐवजीं भाच्यालाच विचारलें, कीं परीक्षेच्या दालनांत पेन फिरवितोस काय? "तिथें आपलें पेन नेतां येत नाहीं, मामा," तो म्हणाला. त्या परीक्षेस उमेदवारानें स्वतःची लेखणी आणावयाची नसते. काळ्या शाईचें साधें बॉलपेन केंद्रावरच हातीं देतात, आणि त्यानेंच वर्तुळें भरावयाचीं. तो ज्या पेनावर वर्षभर बोटें फिरवितो तें दारांतच आईजवळ ठेवावें लागतें. "आणि तिथें फिरवावंसं वाटतहि नाहीं. बोटें गार पडतात." एवढें बोलून त्यानें पुस्तक ओढलें. थोड्या वेळानें पेन पुन्हा फिरूं लागलें. आम्ही आमचें काढलें, आणि दोघेहि बराच वेळ कांहीं न बोलतां बसलों होतों.

परीक्षा मे महिन्यांत आहे. मेहुण्यांस आम्ही अद्याप कांहीं कळविलेलें नाहीं.